हा नंबर बाद

ट्राममध्ये चढताना कार्ड मशिनला टेकवायचं, हिरवा दिवा लागतो, संपलं. शरद भालेरावांचं तिथे संपत नसे. जागेवर बसल्यावर ते मला विचारायचे, "वैशालीताई, माझा हिरवाच लागला ना?"

मी पाहिलेलं नसायचं. मी "हो" म्हणायची.

"पाहून सांगताय की उगीच?"

शंका फेडायला पुन्हा कार्ड टेकवावं, तर मशीन समजणार की हा माणूस उतरला, आणि पुढचा प्रवास विनातिकीट. न टेकवावं, तर पहिल्यांदाच दिवा लागला नसेल तर? या दोन भीतींच्या मधल्या सीटवर बसून त्यांनी इथे कित्येक वर्षं प्रवास केला. त्यांना कधीही दंड झाला नाही. एकदा झाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. दंड भरल्यावर निदान कळतं की छत अंगावर कोसळत नाही.

भालेराव डीमन या डच उपनगरात राहायचे. मूळचे नांदेडकडचे, रसायनशास्त्रात पीएच.डी., एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. अंगानं सडपातळ, केस नीट विंचरलेले, सायकलवर असले की भर उन्हातही चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. करखात्याचं निळं पाकीट आलं की ते उभ्यानं उघडायचे. बसून उघडलं तर उठता येणार नाही म्हणायचे, आणि ही थट्टा आहे की नाही ते कळायचं नाही. खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर. उत्तर मागितलेलं नसलं तरी. एकदा कचऱ्याच्या गाडीचा वार बदलल्याचं पत्रक घरोघरी टाकलं होतं. भालेरावांनी नगरपालिकेला "पत्रक मिळाले, आभारी आहे" असं कळवलं.

असा माणूस आमच्या मंडळाचा खजिनदार होता. मंडळ लहान. बहुतेक आमचीच बौद्ध मराठी घरं, कुणी आयटीतलं, कुणी संशोधनातलं. एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला एक सभागृह भाड्यानं घेऊन जयंती करायची, भाषणं, मुलांची गाणी, जेवण. कार्यक्रम सर्वांना खुला असल्यामुळे उइटहॉर्नकडची पुण्या-मुंबईची मंडळीही यायची. सभागृह बुक करायला कुणी तयार नसायचं म्हणून मी अध्यक्ष होते. भालेराव खजिनदार होते, कारण दुसरं कुणी झालं तर ते चुकीचं करेल अशी त्यांना भीती होती.

त्या वर्षी नांदेडजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला ग्रंथालयासाठी मदत पाठवायची ठरली आणि कुणीतरी सोडतीची कल्पना काढली. तिकिटं विकायची, पहिलं बक्षीस सायकल. आपल्याकडे गणपतीत, शाळेत, सोसायटीत हे इतकं सर्रास चालतं की त्यात कुणाला काही विचारावं लागतं हेच डोक्यात येत नाही. इथे विचारावं लागतं. चांगल्या कामासाठी असली तरी सोडत हा जुगारच. नगरपालिकेला आधी कळवायचं : तिकीट केवढ्याला, बक्षीस काय, पैसा कुठे जाणार. सोडत झाली की ठरलेल्या मुदतीत हिशेब द्यायचा, कोणत्या नंबरला काय मिळालं ते लिहायचं, काढणाऱ्याची सही जोडायची, आणि सगळे कागद पुढे काही वर्षं सांभाळायचे. जबाबदार व्यक्ती म्हणून एक नाव द्यायचं. ते नाव भालेरावांचं होतं.

आणि नेमकं तेच वर्ष त्यांच्यासाठी वाईट होतं. कंपनीनं प्रयोगशाळा बंद केली होती. दुसऱ्या कंपनीनं त्यांना घ्यायचं ठरवलं होतं, पण राहण्याच्या परवान्याचा नवा अर्ज इमिग्रेशनकडे पडून होता. तो नाकारला गेला तर बायको-मुलीसह परत. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिला मराठी समजायचं, पण उत्तर ती डचमध्ये द्यायची. तिला उचलून नांदेडला नेऊन काय करायचं, हा प्रश्न भालेरावांच्या चेहऱ्यावर वसंतभर लिहिलेला होता.

"जबाबदार म्हणून माझं नाव घालू का?" मी विचारलं होतं.

"नको. तुम्ही लिहिताना घाई करता."

हे खरं होतं.

तिकीट विक्रीत त्यांनी आम्हाला पुरतं छळलं. तिकिटाचा जो तुकडा आपल्याकडे राहतो त्याला ते "स्थळप्रत" म्हणायचे. तो शब्द मी तिसेक वर्षांत ऐकला नव्हता. स्थळप्रतीवर पूर्ण नाव हवं. "बंटीचे बाबा" चालणार नाही. उइटहॉर्नचे जोशी, मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा, पण मनानं साफ माणूस, त्यांनी दहा तिकिटं घेतली आणि पन्नास युरोंवर एक युरो ठेवला.

"हा एक कशाचा?" भालेराव.

"अहो, शकुनाचा. एक्कावन्न."

"तिकीट पाच युरोंना आहे."

"देणगी समजा."

"देणगी आपण जाहीर केलेली नाही. हा एक युरो मी कुठे लिहू? शकुनाचा रकाना नाही."

"भालेराव, तुम्ही लग्नात आहेराचं पाकीट परत करत असाल."

"लग्नाला परवानगी लागत नाही," असं म्हणून त्यांनी युरो परत केला. जोशी तो नाचवत सगळ्यांना दाखवत फिरले.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःच केला होता. कार्यकारिणीच्या घरात तिकीट नको. परवानगीत असं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांची बायको सुनंदा एका पाळणाघरात काम करायची आणि ब्रेक न लागणाऱ्या जुन्या सायकलवर ये-जा करायची. ती एक दिवस माझ्याकडे आली, पर्समधून पाच युरो काढले. "ताई, एक द्या. माझ्या पगारातलं आहे. ह्यांना सांगू नका, झोपायचे नाहीत." मी तिकीट फाडलं, स्थळप्रतीवर पूर्ण नाव लिहिलं.

सोडत काढायला भालेरावांनी आमच्यातलं कुणी घेतलं नाही. सभागृहाचा डच रखवालदार हेंक, त्याला स्टेजवर बोलावलं. उंच, संथ माणूस, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, तोंड दुसरीकडे वळवलं, डब्यात हात घातला आणि नंबर वाचला. मी मराठीत पुन्हा वाचला.

मागे जेवणाच्या टेबलाशी सुनंदा भाजी वाढत होती. तिनं डाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि रिकामा हात वर केला. "माझं आहे," ती म्हणाली.

सगळे वळून तिच्याकडे पाहू लागले. ती लाजून हसत होती. मग मागच्या रांगेतून जोशींचा आवाज आला, "वा, घरातल्या घरात गेली की सायकल!" लोक हसले. ते हसणं साधं होतं. मी तिथे होते, म्हणून सांगते. त्यात काही नव्हतं.

भालेरावांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी हेंकच्या हातातून तिकीट घेतलं, डब्यात परत टाकलं, आणि माईकवर म्हणाले, "हा नंबर बाद. पुन्हा काढायचा."

हेंकला मराठी कळत नव्हतं, पण तिकीट परत पडलेलं त्याला दिसलं. "अहो, पण हेच आलंय," तो डचमध्ये म्हणाला.

"पुन्हा," भालेराव म्हणाले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय माणूस आहे, स्वतःच्या बायकोला मिळालेली सायकल सोडली. एक बाई तर डोळे पुसत होती. हेंकनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या किल्ल्यांकडे पाहिलं, त्यानं पुन्हा हात घातला. नंबर जोशींचा निघाला. सुनंदाचा वर केलेला हात केव्हा खाली आला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती भाजी वाढत होती.

परतताना भालेराव ट्राममध्ये माझ्या शेजारी बसले. सुनंदा आणि मुलगी पुढे. मी म्हटलं, "कशाला केलंत?"

त्यांनी आधी खिशातलं कार्ड चाचपून पाहिलं. मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील शाळेत कारकून. एकदा फीच्या पैशांत तूट निघाली. चौकशी होईपर्यंत त्यांना ऑफिसच्या व्हरांड्यात उभं केलं, सगळ्या शाळेसमोर, दिवसभर. संध्याकाळी पैसे मुख्याध्यापकांच्याच कपाटात सापडले. कुणी काही म्हटलं नाही. वडिलांना घरी जा म्हणाले, एवढंच.

"दुसऱ्याची चूक ही चूक असते, वैशालीताई," ते म्हणाले. "आपली चूक ही जात असते. उद्या कुणी म्हटलं असतं, यांनी वसतिगृहाच्या नावावर सायकल घरी नेली, तर?"

असा एक व्हरांडा आमच्याही घरात आहे.

खरी भीती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. हिशेब पाठवायचा होता. जमा, खर्च, वसतिगृहाला पाठवलेली रक्कम, सगळं चोख. फक्त पहिल्या बक्षिसाचा नंबर कोणता लिहायचा? पहिल्यांदा निघालेला लिहिला, तर सायकल त्या नंबरला दिलेली नाही. दुसरा लिहिला, तर तो सरळ सोडतीत निघालेला नाही. निघालेला नंबर बाद करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. ते त्यांना स्टेजवरही माहीत होतं. त्यांच्याइतका तो कागद कुणी वाचलाच नव्हता.

फोनवर त्यांचा आवाज कोरडा पडलेला. "नाव माझं आहे. सोडतीत फेरफार, असं होईल ते."

"सायकल तुमच्याकडे आली असती तर फेरफार."

"तिकडे अर्ज पडलाय. इथली कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलतात."

"मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम करते. एकाच इमारतीतली बोलत नाहीत."

"बँकेची नसतील बोलत."

आमच्या ओळखीतल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बहुधा काही होणार नाही. हे लिहून देशील का म्हटल्यावर म्हणाला, लिहून देणार नाही. त्या एका वाक्यानं भालेरावांची झोप गेली. ते वाळू लागले. जाकिटाच्या चमकत्या पट्ट्या त्यांच्या अंगावर सैल दिसायला लागल्या. दारावर पोस्टमन आला की सुनंदाच पुढे व्हायची.

जोशींनी त्यांना समजावलं. "अहो, दुसरा नंबर लिहा न् मोकळे व्हा. सायकल माझ्याकडे आहे, मी थोडाच तक्रार करणार?" हेंकनं तर कोऱ्या कागदावर सही करून दिली होती. तुम्ही भरा, म्हणाला, मला नंबर आठवत नाहीत. सगळ्या जगानं त्यांच्यासाठी खोटं बोलायची सोय करून ठेवली होती.

मुदत संपायला आली तेव्हा मी डीमनला त्यांच्या घरी गेले. मला उपदेश करायचा नव्हता, कागद पोचायला हवा होता. ते टेबलाशी बसले होते. सुनंदा चहा ठेवून तिथेच उभी राहिली. सोडतीपासून ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, असं भालेरावांनीच मला सांगितलं होतं.

"दुसरा लिहिणार का?" तिनं विचारलं.

"तोच बरा दिसतो."

"मग मी जिंकलेच नव्हते, असं होईल."

"सुनंदा, मुलीचं वर्ष आहे—"

"मुलीचं माहीत आहे मला. परवाना गेला तर जाईल, मी भांडी बांधीन. पण जिंकले होते मी. सगळ्यांसमोर हात वर केला होता. तुम्ही माझा हात खाली केलात तो केलात, आता कागदावरही करू नका."

ती आत गेली. भालेरावांनी पेन उचललं. पहिला कागद फुकट गेला. मग त्यांनी सगळं लिहिलं. पहिला नंबर, तो कुणाचा, तो कुणी बाद केला, दुसरा नंबर. "हा निर्णय माझा होता व तो नियमात बसत नाही," असं शेवटी लिहिलं.

"धीराचं काम केलंत," मी म्हटलं.

"धीर कसला. खोटं लिहून ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवायला धीर लागतो. माझ्यात नाही."

नगरपालिकेनं भेटायला बोलावलं. दोघांनी जायचं ठरलं, अध्यक्ष म्हणून मी. भालेरावांनी सूट घातला होता. समोरची अधिकारी बाई माझ्याच वयाची, बाह्या दुमडलेल्या, टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. तिनं त्यांचा कागद पुन्हा वाचला.

"तिकीट तुमच्या पत्नीनं विकत घेतलं होतं?"

"हो."

"रखवालदारानं न बघता काढलं?"

"हो."

"म्हणजे ती जिंकली."

"हो."

"मग बाद का केलंत?"

भालेरावांनी माझ्याकडे पाहिलं. लोक काय म्हणतील, हे डचमध्ये सांगता येतं, पण सांगितल्यावर त्यात काही उरत नाही. "लोक बोलले असते," ते म्हणाले.

"काय?"

"की खजिनदारानं सायकल घरी नेली."

"पण ती तिचीच होती."

"हो."

तिनं कागद खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही प्रामाणिक दिसावं म्हणून एका बाईचं बक्षीस काढून घेतलंत." ती रागानं बोलली नाही. एखादा रकाना भरावा तसं बोलली.

"हो," भालेराव म्हणाले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "हे इमिग्रेशनला कळवणार का?"

"मी मंडळाला पत्र लिहिते. दुसऱ्या कुणाला नाही."

"त्यांनी तुम्हाला विचारलं तर?"

"विचारलं तर सांगावं लागेल."

"विचारतील का?"

"ते मला माहीत नाही, मिनेअर." इथे साहेबाला मिनेअर म्हणतात, बाईला मेव्राउ.

ती खरं बोलत होती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. जिन्यावरून उतरताना भालेरावांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

पत्र आलं. लेखी ताकीद. दंड नाही. जोशींनी सायकल चांगल्या भावनेनं घेतली, ती त्यांच्याकडेच राहील. मूळ विजेतीला तिचं बक्षीस मिळालं पाहिजे, आणि खर्च सोडतीच्या पैशांतून नाही. त्यामुळे भालेरावांनी स्वतःच्या खिशातून तशीच सायकल विकत घेतली आणि मंडळातर्फे स्वतःच्या बायकोला दिली. पावती केली. तिकिटाचा नंबर स्थळप्रतीशी ताडून पाहिला.

"ओळखपत्र दाखवू का?" सुनंदानं विचारलं.

"कशाला उगीच," ते म्हणाले, आणि मग, "दाखवलंस तर बरं."

तिनं दाखवलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. सुनंदा हसली नाही, पण सायकल जिन्याखाली न ठेवता त्या रात्री तिनं वर घरात आणून ठेवली, असं मुलीनं नंतर सांगितलं.

इमिग्रेशनकडून काही येत नव्हतं. भालेरावांनी घरातली मोठी पुस्तकं खोक्यांत भरून ठेवली. मुलीला परीक्षेचा अभ्यास करताना ते दारात उभं राहून बघत राहायचे. ती म्हणायची, "पापा, स्टॉप." फोन वाजला की ते आधी नंबर बघायचे, मग उचलायचा की नाही ठरवायचे. मला एकदा म्हणाले, "ताकीद म्हणजे नोंद झाली. नोंद झाली म्हणजे ती कुठेतरी आहे."

मंजुरी उन्हाळ्यात आली. परवाना मिळाला, पाच वर्षांचा. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाजात आनंद नव्हता. "मंजूर म्हणतात. पण कार्ड हातात आलेलं नाही. बोटांचे ठसे द्यायला बोलावलंय. तिथे बघतील सगळं."

"ठशांत सोडत दिसत नाही हो."

"तुम्ही थट्टा करता."

ठशांच्या दिवशी सुनंदानं मला बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही गाडी चालवा. हे त्या स्थितीत नाहीत." पुढे महिन्याभरात ते नव्या नोकरीसाठी उत्तरेला राहायला गेले. आता फोन येतो, सणाला मेसेज येतो, भेट नाही. म्हणून मला भालेराव आठवतात ते त्या काउंटरपाशी.

मी काचेच्या अलीकडे खुर्चीवर होते. काउंटरवर एक तरुण कर्मचारी, कंटाळलेला. त्यानं भालेरावांना बोट मशिनवर ठेवायला सांगितलं. ठसा उठेना. बोट घामानं ओलं होतं. त्यानं कागदी रुमाल दिला. भालेरावांनी पुसलं, ठेवलं, पुन्हा उठेना. पुन्हा रुमाल. रांगेतले लोक पाहू लागले. सुनंदा पुढे झाली, तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि बोट मशिनवर दाबलं.

"फक्त त्यांचा हात, मेव्राउ," कर्मचारी म्हणाला.

तिनं सोडलं. भालेरावांनी डोळे मिटले आणि बोट एकट्यानं दाबून धरलं. बराच वेळ गेला असावा.

"झालं," कर्मचारी म्हणाला. "आता पुढचं बोट."

भालेरावांनी डोळे उघडले नाहीत. पुढचं बोट तसंच चाचपत ठेवलं.